जुन्या हरित इमारतीचं वीजबिल छापा

महोदय,

कालच्या अंकात जिल्ह्यात होऊ घातलेल्या नव्या 'हरित' कार्यालयाची अर्ध्या पानाची बातमी वाचली. चित्र देखणं आहे. काचेची इमारत, गच्चीवर सौर पॅनेल आणि समोर गुडघाभर हिरवळ, तीही खान्देशात! चित्रकाराचं अभिनंदन. फक्त आधीच्या हरित इमारतीचं पुढे काय झालं, हेही आपल्या वार्ताहराने एकदा जाऊन पाहावं. तिच्या उद्घाटनालाही आपण असंच चित्र छापलं होतं.

मला गेल्या आठवड्यात वारसनोंदीसाठी तिथे जावं लागलं. साहेब मीटिंगला गेलेले, त्यामुळे इमारत निवांत बघता आली. नोकरी विजेच्या खात्यात गेली, त्यामुळे नजर आपोआप वायरींकडे जाते. दर्शनी बाजू पश्चिमेला, तीही अख्खी काचेची. तीननंतर आत बसवत नाही, म्हणून कर्मचाऱ्यांनी काचांना आतून पुठ्ठे आणि वर्तमानपत्रं चिकटवली आहेत (आपलीच रविवारची पुरवणी, कुठेतरी उपयोगी पडते आहे). मग अंधार होतो, म्हणून भरदुपारी ट्यूबलाइट. मध्यवर्ती एसी बंद, म्हणून ज्याच्या त्याच्या केबिनला भिंत फोडून वेगळा एसी. माणूस हलला की दिवा लागावा असे सेन्सर होते, त्यांच्यावर आता काळी टेप आहे. कारण विचारलं, तर साहेब लोक खुर्चीत इतके स्थिर बसतात, की दिवे सारखे विझायचे म्हणे!

जिन्याखाली सौर यंत्रणेचा इन्व्हर्टर आहे. त्याचा लाल दिवा लुकलुकतो आणि कोपऱ्याला शिपायाची डब्याची पिशवी लटकते. विचारलं तर म्हणाला, "आबा, ते तं कवयनं बंद पडेल शे." म्हणजे कधीचंच बंद. पॅनेल रस्त्यावरून दिसतात, मातकट झालेले. धुवायला माणूस लावायचा तर त्याचा पगार कोणत्या लेखाशीर्षातून काढणार? बांधकामाला निधी येतो, देखभालीचं विचारूच नका. दारातली हरित मानांकनाची पाटी मात्र रोज पुसली जाते.

आमच्याकडची धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं कुणी मानांकनाला पाठवली नव्हती. मातीच्या जाड भिंती, लहान खिडक्या, बाहेर वणवा पेटला तरी आत बसवायचं. पण पावसाआधी धाब्यावर खारी माती टाकावीच लागे. एखाद्या वर्षी आळस केला की घर गळलंच, आणि मग आजीच्या तोंडाचा पट्टा सुरू. या इमारतीला आजी नाही, एवढंच.

मोजायची सोय नाही, असंही नाही. हरित इमारतींचं आपल्या देशातलं 'गृह' मानांकन पाच वर्षांपुरतं असतं, मग नूतनीकरण करावं लागतं. ऊर्जा दक्षता ब्युरो २००९ पासून कार्यालयांना तारे देतो, ते नकाशा पाहून नव्हे, तर दर चौरस मीटरला वर्षात प्रत्यक्ष किती युनिट जळाले ते पाहून. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००९ मध्येच शंभर 'लीड' (हे अमेरिकेतलं हरित मानांकन) मानांकित इमारती तपासल्या होत्या. सरासरी बचत चांगली निघाली, पण त्यातल्या २८ ते ३५ टक्के इमारतींनी तशाच साध्या इमारतींपेक्षा जास्त ऊर्जा खाल्ली. आपली कोणत्या गटातली, हे बिलाशिवाय कळणार कसं?

तेव्हा नव्या इमारतीचं चित्र पुन्हा छापण्याआधी जुनीची वर्षवार बिलं मागवा आणि छापा. माहितीच्या अधिकारात मीच अर्ज टाकला असता, पण माझी वारसनोंद त्याच टेबलावर अडकली आहे. ती होऊ द्या, मग बघतो.

आणि हो, आपल्या तापमानाच्या चौकटीत जळगावचा आकडा सोमवारपासून दशांशासकट तोच छापून येतो आहे. तेवढा रोज बदलत चला. नाव छापू नये, त्याचं कारण वर आलंच आहे.

आपला,
एक निवृत्त वायरमन, जळगाव