फलकावरची किंमत नको, वर्षाची सांगा

महोदय,

आपल्या पुरवणीत घरच्या टीव्ही आणि इंटरनेटसाठी ‘परवडणारे पर्याय’ सुचवणारा लेख वाचला. सोबतचा तक्ता सुबक आहे. कंपनी, वेग, चॅनेलची संख्या, बरोबर मिळणारे ओटीटी (नेटफ्लिक्ससारखी इंटरनेटवरून बघायची सेवा) आणि महिन्याचा दर असे रकाने त्यात आहेत. पण तो कापून खिशात घालून कुणी जोडणी घ्यायला गेलं तर पहिल्याच बिलाला चक्रावेल. तक्त्यातल्या दरांत जीएसटी धरलेला नाही. बसवण्याचा खर्च, राऊटरची अनामत, काही महिन्यांचे पैसे आगाऊ भरण्याची अट, यांतलं काहीच तिथे दिसत नाही.

मी डोंबिवलीतल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची खजिनदार आहे. संस्थेचे हिशेब लिहिते म्हटल्यावर इमारतीतल्या ज्येष्ठांची केबलची, डिशची, फायबरची बिलंही ‘जरा बघ गं हे’ म्हणत माझ्याकडेच येतात. ती बघून बघून जे ध्यानात आलं ते लिहिते.

स्टेशनबाहेर ‘फक्त ३९९’ असे फलक लागलेले असतात. ३९९ वर १८ टक्के जीएसटी धरला की महिन्याला साधारण ४७१ रुपये होतात आणि वर्षाला ५,६५० च्या आसपास. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात ३९९ आणि ४७१ हे दोन वेगळे आकडे आहेत. शिवाय बसवणं ‘मोफत’ असतं ते बहुतेक वेळा सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे एकरकमी भरले तरच. म्हणजे ३९९ बघून गेलेला माणूस पहिल्या दिवशी तीनेक हजार मोजून येतो. मधेच घर बदललं, मुलाकडे पुण्याला जायचं ठरलं, तर उरलेले पैसे परत मिळतात का, राऊटर कुठे जमा करायचा, अनामत किती दिवसांत सुटते, हे विचारायचं त्या क्षणी कुणाला सुचत नाही. आणि जोडणी द्यायला आलेला मुलगा सुचवत नाही. त्याचाही दोष नाही म्हणा, त्याला दिवसाला ठरावीक जोडण्या पुऱ्या करायच्या असतात.

आता वेगाचं बघू. १००, २००, ३०० एमबीपीएस असे आकडे ऐकले की घरातली तरुण मंडळी मोठ्या आकड्याकडे ओढतात. प्रत्यक्षात एचडी चित्रासाठी नेटफ्लिक्स स्वतः ५ एमबीपीएस पुरेसे सांगतं आणि ४के साठी १५. चौघांच्या घरात एका खोलीत मालिका, दुसरीत क्लासचा व्हिडिओ आणि दोन मोबाइल चालू असले तरी ३० एमबीपीएसची जोडणी कमी पडायचं कारण नाही. कमी पडते तेव्हा बहुधा घोडं राऊटरच्या जागेवर अडलेलं असतं. आमच्या इमारतीत निम्म्या घरांत राऊटर दारामागे, चपलांच्या कपाटावर बसवला आहे, कारण तार तिथून आत येते. मधे दोन भिंती, एक लोखंडी कपाट, आणि आतल्या खोलीतला माणूस कंपनीच्या नावाने बोटं मोडतो. पाच-सात मीटर जादा तार टाकून घेतली की वरचा प्लॅन घ्यायची गरज उरत नाही. मोठ्या फायली सतत वर चढवण्याचं, म्हणजे अपलोडचं, काम घरूनच चालत असेल तर गोष्ट निराळी. तिथे वरचा प्लॅन घ्यावा आणि खाली उतरवण्याबरोबर वर चढवण्याचा वेग किती तेही विचारावं.

दुसरी भीती डेटा संपण्याची. अनेक फायबर योजनांत ‘अमर्याद’ लिहून खाली बारीक अक्षरात महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा दिलेली असते. ती ऐकून लोक दचकतात. तासाभराच्या एचडी चित्राला साधारण ३ जीबी लागतात. म्हणजे ३,३०० जीबीत ११०० तास झाले. तीस दिवसांच्या महिन्यात तास असतात ७२०. एक टीव्ही रात्रंदिवस अखंड चालू ठेवला तरी ही मर्यादा ओलांडणार नाही. तेव्हा कुणी ‘डेटा पुरणार नाही, वरचा घ्या’ म्हणालं तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा.

टीव्हीचं प्रकरण मात्र जास्त गुंतागुंतीचं आहे आणि ज्येष्ठांचे सर्वाधिक पैसे तिथेच जातात. आमच्या भागात २०१३ साली सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले. त्याआधी केबलवाला महिन्याला येऊन रोख घेऊन जायचा आणि दिसेल ते बघायचं, असा मामला होता. मग फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, नवा नियम आला की प्रत्येक चॅनेलची किंमत जाहीर असेल आणि ग्राहकाने हवं तेवढंच निवडावं. मूळ शुल्क १०० चॅनेलसाठी १३० रुपये, करासह १५३ रुपये ४० पैसे. पुढच्या वर्षी त्याच १३० रुपयांत २०० चॅनेल देणं बंधनकारक झालं, आणि दूरदर्शनची सक्तीची चॅनेल त्याहून वेगळी. जुलै २०२४ मध्ये मात्र ट्रायने या शुल्कावरची कमाल मर्यादाच काढून टाकली. आता ते किती घ्यायचं हे कंपनी ठरवते. ही गोष्ट आपल्या लेखात यायला हवी होती. ‘१३० तर सगळीकडे सारखेच’ असं अजून कितीतरी जणांना वाटतं.

निवडीचा हक्क कागदावर चांगला होता. प्रत्यक्षात बहुतेकांनी निवडलं काहीच नाही. केबलवाल्याने किंवा डिशवाल्या कंपनीने ‘महाराष्ट्र फॅमिली’ अशा थाटाच्या नावाचं एक गाठोडं लावून दिलं, ते आजतागायत चालू आहे.

आमच्या मजल्यावरच्या आजींचंच सांगते. त्या एकट्या राहतात. महिन्याला चारशेच्या वर भरत होत्या आणि मुलगा परदेशातून ऑनलाइन रिचार्ज करायचा, त्यामुळे प्रश्नच आला नाही. मी त्यांना रिमोटजवळ एक वही ठेवायला सांगितली आणि जे लावाल त्याचा नंबर लिहा म्हटलं. आठवड्याने वही बघितली. सह्याद्रीच्या बातम्या. मालिकांची तीन मराठी चॅनेल. सकाळी एक भक्तीचं चॅनेल, तेही विनामूल्य. दुपारी कुठल्यातरी चॅनेलवर जुना हिंदी सिनेमा, त्यापुढे कंसात ‘झोप लागली’. बस्स. गाठोड्यात मात्र इंग्रजी सिनेमे होते, मोटारींच्या शर्यती होत्या, लहान मुलांची कार्टून होती, आणि काही चॅनेल एकदा साधी व एकदा एचडी अशी दुहेरी. आजींचा टीव्ही जुना आहे. त्यावर एचडी दिसतच नाही.

हिशेब असा मांडला. मूळ शुल्क १३० धरलं. गाठोड्यात घालता येणाऱ्या चॅनेलची सुटी किंमत १९ रुपयांच्या वर ठेवता येत नाही, म्हणून मालिकांच्या तिन्ही पे चॅनेलना, म्हणजे वेगळे पैसे भरून बघायच्या चॅनेलना, जास्तीत जास्त म्हणजे १९ लावले. झाले १८७. करासह २२०.६६. सह्याद्री, भक्तीचं चॅनेल यांना वेगळे पैसे नाहीत. कंपनीला फोन केला तर पलीकडची मुलगी तीनदा म्हणाली, ‘मॅडम, आहे तो पॅकच तुम्हाला स्वस्त पडेल.’ गाठोड्यावर सवलत असते, त्यामुळे दहा-बारा पे चॅनेल खरोखर बघणाऱ्या घरात तिचं म्हणणं बरोबर ठरेल. तीन बघणाऱ्या घरात नाही. आजींचं बिल आता जवळपास निम्म्यावर आलं आहे. नातू आला की क्रिकेटचं चॅनेल महिनाभरापुरतं जोडून घेतात.

ज्यांना पे चॅनेलचं वेड नाही त्यांच्यासाठी डीडी फ्री डिश आहे. २००४ च्या डिसेंबरात ही सेवा सुरू झाली, तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा, महिन्याचं काही द्यायचं नाही. खासगी चॅनेल तिथली जागा लिलावात घेतात, त्यामुळे यंदा दिसणारं चॅनेल पुढच्या वर्षी असेलच असं नाही, हे मात्र माहीत असावं. गावाकडे घरोघर ही छत्री दिसते. शहरात अडचण येते ती गच्चीची. वॉटरप्रूफिंगचं निमित्त पुढे करून आमच्यासारख्याच संस्था छत्री लावू देत नाहीत आणि त्याच गच्चीवर मोबाइल टॉवर भाड्याने देतात! खजिनदार म्हणून टॉवरचं भाडं मलाही गोड लागतं, पण सभासदाची दोन फुटांची छत्री नीट बसवून देणं अवघड नाही. शिवाय घरात इंटरनेट असेलच तर प्रसार भारतीचं नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात सुरू झालेलं वेव्हज हे ॲप आहे. त्यावर दूरदर्शनची चॅनेल आणि आकाशवाणी फुकट मिळते.

म्हणून फायबर घेतलेल्या घराने डिश चालू ठेवण्यापूर्वी विचार करावा. तीच मालिका डिशवरही आणि ओटीटीवरही, आणि दोन्हीचे पैसे आपणच भरतो, असं अनेक घरांत चालू आहे. ‘ओटीटी मोफत’ म्हणून महिन्याला २०० रुपये वरचा प्लॅन घेतला तर करासह वर्षाला २,८३२ रुपये जातात. तेवढ्यात घरात खरोखर बघितलं जाणारं एखादं ओटीटी सुटं घेऊन बहुधा पैसे उरतील. उलट ज्या घरात आजी-आजोबांना रिमोटची दोनच बटणं वापरता येतात, तिथे ओटीटीच्या नादाने डिश काढू नये. पासवर्ड विसरला, ॲप अपडेट मागतंय, आणि संध्याकाळची मालिका हुकली, की घरात जे वातावरण होतं त्याची किंमत कुठल्याच तक्त्यात नसते.

स्थानिक केबलवाल्याबद्दलही दोन शब्द. रस्ता खणताना तार तुटली की मोठ्या कंपनीचा फोन आधी गाणं ऐकवतो, मग तक्रार क्रमांक देतो. आमच्या गल्लीतला माणूस सायकलवरून येऊन तार जोडून जातो. या सेवेसाठी पन्नास रुपये जास्त द्यायला माझी ना नाही. मात्र त्याने छापील पावती द्यावी आणि त्यात मूळ शुल्क किती, चॅनेलचे किती, कर किती हे वेगळं लिहावं. ‘सगळं मिळून साडेतीनशे द्या’ हे आता चालवून घेऊ नये.

बिलावरून वाद झालाच तर काय करायचं, हेही लेखात हवं होतं. इंटरनेटच्या बाबतीत आधी कंपनीकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्यायचा. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत बसत नाही, त्यामुळे तिकडे थेट अर्ज करण्यात वेळ जातो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि दूरसंचार कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आपल्याला विनंती एवढीच, की पुढच्या वेळी असा तक्ता छापाल तेव्हा ‘महिन्याचा दर’ या रकान्याऐवजी ‘पहिल्या वर्षाचा एकूण खर्च, करासह’ आणि ‘दुसऱ्या वर्षाचा एकूण खर्च, करासह’ असे दोन रकाने ठेवा. सुरुवातीची सवलत संपल्यावर दर किती चढतो ते दुसऱ्या रकान्यात आपोआप दिसेल. कंपन्यांकडून हे आकडे लेखी मागवा. जी कंपनी देणार नाही तिच्या नावापुढे ‘माहिती दिली नाही’ असं छापा. आपल्या वृत्तपत्रात या कंपन्यांच्या पानभर जाहिराती येतात हे मला दिसतं, तरीही छापा.

आपली,
एक वाचक,
डोंबिवली (पूर्व)