मोडेम ब्रिज मोडवर करून देण्याचा शब्द न पाळल्याबद्दल तक्रार

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : घरातील मेश वायफायसाठी (अनेक नग मिळून एकच नेटवर्क देणाऱ्या संचासाठी) आपला फायबर मोडेम ब्रिज मोडवर (मोडेमने फक्त इंटरनेट पुढे द्यावे, बाकी काम माझ्या राउटरने करावे, अशा रीतीने) करून देण्याचे आश्वासन न पाळल्याबद्दल आणि मोडेममधील माझी सेटिंग वारंवार पुसली जात असल्याबद्दल.

महोदय,

मी वाई येथे राहणारा, आपल्या कंपनीचा गेल्या चार वर्षांपासूनचा फायबर ग्राहक आहे. माझा ग्राहक क्रमांक, पत्ता आणि आजवर मिळालेले तिन्ही तक्रार क्रमांक सोबत जोडलेल्या देयकाच्या प्रतीवर लिहिले आहेत. १०० एमबीपीएसचा वेग मोडेमपर्यंत नीट पोहोचतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही आणि पूर्वीही कधी नव्हती. हे आधीच लिहिण्याचे कारण असे की, प्रत्येक भेटीत आपले टेक्निशियन मोडेमला केबल लावून वेग मोजतात, आकडा बरोबर आला म्हणून तक्रार बंद करतात आणि मूळ प्रश्न तिथेच राहतो.

आमचे घर जुना वाडा आहे. काळ्या दगडाच्या भिंती जवळजवळ दोन फूट जाडीच्या आहेत. फायबर रस्त्याच्या बाजूने सोप्यात येते, म्हणून मोडेम सोप्यात आहे. पाच गिगाहर्ट्झचे वायफाय माजघराच्या पलीकडे जात नाही, २.४ गिगाहर्ट्झचे स्वयंपाकघरापर्यंत कसेबसे पोहोचते आणि माडीवर, जिथे माझी सून पुण्यातील कार्यालयाचे काम घरून करते, तिथे काहीच मिळत नाही. अशा घराला एक मोडेम पुरणार नाही हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी स्वतःच्या खर्चाने साडेचौदा हजार रुपयांचा तीन नगांचा मेश संच घेतला. एक नग सोप्यात मोडेमजवळ, दुसरा माडीवर आणि तिसरा स्वयंपाकघरात ठेवला. माडीपर्यंत जिन्याच्या कडेने बावीस मीटर कॅट सिक्स नेटवर्क केबल ओढून घेतली, म्हणजे निदान त्या नगाला भिंतींमधून हवेने बोलावे लागू नये.

हा संच घेण्यापूर्वी, जून महिन्यात, मी आपल्या ग्राहक सेवा क्रमांकावर मुद्दाम फोन करून विचारले होते की माझा राउटर लावल्यास आपला मोडेम ब्रिज मोडवर करून मिळेल का. प्रतिनिधींनी स्पष्ट सांगितले की मिळेल, त्यासाठी शुल्क नाही, संच आल्यावर फक्त कळवा. त्या संभाषणाचा तक्रार क्रमांक माझ्याकडे आहे. या शब्दावर विसंबूनच मी खरेदी केली.

संच आल्यावर मात्र आलेल्या टेक्निशियननी ब्रिज मोडचा पर्याय आपल्या हातात नसल्याचे सांगितले आणि दोन्ही यंत्रे चालू ठेवा, असा सल्ला दिला. पुढील सर्व त्रास त्यातून निर्माण झाला. मोडेमही घरातल्या उपकरणांना आयपी पत्ते (नेटवर्कवरील ओळख क्रमांक) वाटत होता आणि मेशही. सुरुवातीला दोन्हींची पत्त्यांची मालिका १९२.१६८.१ हीच असल्याने इंटरनेट चालेचना. मी मेशची मालिका बदलली, तेव्हा इंटरनेट सुरू झाले, परंतु घरात दोन वेगळी नेटवर्क तयार झाली. सोप्यातला प्रिंटर मोडेमच्या वायफायवर राहिल्यामुळे माडीवरच्या लॅपटॉपला तो सापडेनासा झाला. त्यावर दुसऱ्या भेटीत टेक्निशियननी दोन्हींना एकच नाव आणि एकच पासवर्ड देऊन टाकला. हा उपाय वरवर सोयीचा वाटला तरी त्याने परिस्थिती अधिक बिघडली. मेशचे तिन्ही नग फोनला एकमेकांच्या हाती सोपवताना त्याचा पत्ता तोच ठेवतात. मोडेम मात्र त्या साखळीत नाही. सोप्यात मोडेमला चिकटलेला फोन जिना चढताना मेशवर गेला की त्याला नवा पत्ता मिळतो आणि चालू असलेला व्हिडिओ कॉल तुटतो. माझ्या सुनेचे कार्यालयीन कॉल असे तुटले आहेत आणि त्याचे स्पष्टीकरण वरिष्ठांना तिला द्यावे लागले आहे.

शेवटी मी स्वतः मोडेमच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचे वायफाय बंद केले आणि प्रिंटर मेशवर घेतला. अकरा दिवस घरात पूर्ण शांतता होती. बाराव्या दिवशी सकाळी मोडेमचे वायफाय पुन्हा चालू झालेले होते आणि माझी सर्व सेटिंग गेलेली होती. चौकशी केल्यावर आपल्या सर्व्हरवरून रात्री सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्याचे समजले. तेव्हापासून असे तीनदा झाले आहे. अद्ययावत करण्याला माझा विरोध नाही, सुरक्षिततेसाठी ते आवश्यकच असते. परंतु ग्राहकाने जाणीवपूर्वक बंद केलेली गोष्ट त्याला न कळवता पुन्हा चालू करणे मला मान्य नाही.

तिसऱ्या तक्रारीवर ‘आमची जबाबदारी मोडेमपर्यंतच’ असे उत्तर मिळाले. ते मी मनापासून मान्य करतो. ब्रिज मोडमध्ये नेमके हेच होते : मोडेम फक्त फायबरचा सिग्नल पुढे देतो आणि पत्ते वाटणे, वायफाय, नियंत्रण हे सारे माझ्या यंत्राकडे राहते. मग जबाबदारीची ती रेघ प्रत्यक्षात आखून देण्यास आपण तयार का नाही?

असे केल्यास मोडेममधून मिळणारा लँडलाइन फोन बंद पडेल, असे एका प्रतिनिधींनी सांगितले. अनेक ठिकाणी फोन आणि इंटरनेट एकाच फायबरवर वेगवेगळ्या मार्गिकांनी चालवतात आणि फक्त इंटरनेटची मार्गिका ब्रिज करता येते. आपल्याकडे तशी सोय आहे की नाही, हे मला लेखी कळवावे. मेशला ॲक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे पत्ते मोडेमनेच वाटावेत आणि मेशने फक्त वायफाय पसरवावे अशा रीतीने, ठेवण्याची सूचनाही मी अमलात आणून पाहिली. दोन नेटवर्कांचा प्रश्न त्याने मिटतो हे खरे आहे, पण माझ्या संचात त्या मोडवर नातवाच्या टॅबला वेळेची मर्यादा घालता येत नाही, आणि मोडेमचे वायफाय परत चालू होण्याचा प्रश्न तर तसाच राहतो.

माझी मागणी अशी आहे की, दिलेल्या आश्वासनाप्रमाणे माझा मोडेम ब्रिज मोडवर करावा आणि मेशमध्ये भरण्यासाठी लागणारे पीपीपीओईचे (इंटरनेट जोडणीत लॉगिन करण्याच्या पद्धतीचे) वापरकर्ता नाव व पासवर्ड मला द्यावेत. ते तांत्रिकदृष्ट्या खरोखरच अशक्य असेल, तर कारण लेखी द्यावे आणि मोडेमचे वायफाय आपल्या बाजूने कायमचे असे बंद करावे की पुढील अद्ययावतीकरणात ते चालू होणार नाही. तेवढे झाले तरी मी ॲक्सेस पॉइंट मोडवर भागवून घेईन. आपले टेक्निशियन भर पावसात आले, सौजन्याने वागले. माझी तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही, आणि या पत्रावरून त्यांच्यापैकी कोणाला जाब विचारला जाऊ नये अशी माझी विनंती आहे. त्यांच्या हाती अधिकारच दिलेला नव्हता.

दहा दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास मी ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार आपल्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे अपील करीन आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन. टेक्निशियन पाठवायचे असल्यास सायंकाळी सहानंतर पाठवावेत. दिवसा माडीवर काम सुरू असते आणि जोडणी खंडित करता येत नाही.

आपला विश्वासू,
एक ग्राहक, वाई

सोबत : देयकाची प्रत, मेश संचाची पावती, मोडेमच्या सेटिंगची तीन छायाचित्रे