विशीतल्या म्हातारीस पत्र

चि. ताई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हलकं धान कापून झालं, भारी अजून बांधीत उभं आहे. वडशात झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांच्या तालमी रंगात आल्या आहेत. भाऊबीजेनंतर रोजचा पडदा सुरू झाला की होळीपर्यंत रंगपेटी मिटायची नाही, म्हणून आत्ताच लिहून टाकतो.

फोनवर तू रडवेली होतीस. एकांकिकेत नायिका दुसरीला आणि तुला पासष्ट वर्षांची आई. ‘मी काय म्हातारी दिसते का?’ हा तुझा प्रश्न. दिसत नाहीस, म्हणूनच ते काम अवघड आहे आणि बहुतेक म्हणूनच ते तुझ्याकडे आलं.

रोहिणी हट्टंगडी म्हटलं की तुम्हा पोरींना ‘होणार सून मी ह्या घरची’मधली आजी आठवते, नाहीतर ‘बाईपण भारी देवा’. वय झालेली बाई वयस्कर भूमिका करते, त्यात काय मोठं, असं वाटणारच. पण ‘गांधी’चं चित्रीकरण १९८०च्या नोव्हेंबरात सुरू झालं तेव्हा त्या ऐन तारुण्यात होत्या, आणि कस्तुरबा करायची होती ती दक्षिण आफ्रिकेतल्या तरुण बायकोपासून थेट १९४४पर्यंतची. आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. म्हणजे पंचेचाळीस-पन्नास वर्षांचं आयुष्य एकाच अंगावर चढवायचं. त्यातही सिनेमा क्रमानं चित्रित होत नाही. सकाळी म्हातारी आणि दुपारी तरुण, असंही होऊ शकतं. त्या कामाला १९८३ साली ब्रिटनचा बाफ्टा हा सिनेमाचा पुरस्कार मिळाला, मॉरीन स्टेपलटन या अमेरिकन नटीसोबत विभागून. (दोघींचा, म्हणजे कस्तुरबांचा आणि रोहिणीताईंचा, वाढदिवस ११ एप्रिल. योगायोगच, पण मला गंमत वाटते.)

त्याच दोन-तीन वर्षांतली बाकीची कामं बघ. १९८२च्या ‘अर्थ’मध्ये मोलकरीण. १९८४च्या ‘सारांश’मध्ये मुलगा गमावलेली म्हातारी पार्वती. त्याच वर्षी ‘पार्टी’मध्ये नामवंत नाटककाराची दारूच्या आहारी गेलेली बायको. ‘पार्टी’ मुळात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याच्या महेश एलकुंचवारांचं नाटक, आणि त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चार भूमिका, एकही नटूनथटून मिरवणाऱ्या तरुण नायिकेची नाही. तुझ्या नायिकेला नाटकात किती वाक्यं आहेत ते मोज आणि आईला किती आहेत तेही मोज. मग ठरव रडायचं की नाही ते.

आता कामाचं सांगतो.

तरुण पोरीला म्हातारी दिली की ती तीन गोष्टी करते. कंबरेत वाकते, हात थरथरवते, आवाज कापरा करते. तिन्ही फसतात. वाक दहा मिनिटं टिकतो. भांडणाचा प्रसंग आला, अंगात जोर आला की म्हातारी ताठ होते आणि आतली पोरगी उघडी पडते. थरथरता हात बघणाऱ्याची नजर चेहऱ्यावरून ओढून नेतो. कापरा आवाज गळा आवळून काढावा लागतो, त्यामुळे आठवडाभरात घसा बसतो.

त्याऐवजी या बाईनं आयुष्यभर कोणतं काम केलं ते आधी ठरव. तुझ्या संहितेत ती शेतमजूर आहे ना? मग धानाची रोवणी डोळ्यांसमोर आण. घोटाभर चिखलात पाय फाकवून दिवसभर ओणवं उभं राहायचं, एका हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी, दुसऱ्यानं टोचत मागे सरकायचं. असं तीस-चाळीस पावसाळे केलेली बाई कुबड काढून चालत नाही. ती पाय जरा दूर ठेवून, या कुशीवरून त्या कुशीवर डुलत चालते. उभी राहिली की एक हात आपसूक मागे कंबरेवर जातो. बोलता बोलता बोटांची पेरं चोळते. एवढं पुरे.

म्हातारपण पाठीत दाखवायचं नसतं, गुडघ्यात आणि श्वासात दाखवायचं असतं. एक गुडघा ठरवून टाक, समज डावा. तालमीत त्याला क्रेप बँडेजचे दोन सैल वेढे दे. घट्ट बांधू नकोस, पाय सुन्न होतो आणि मग चाल खोटी दिसते. प्रयोगाच्या आठवडाभर आधी ते सोडून टाक. सवय गुडघ्यात राहते.

जमिनीवरून उठणं रोज वीस वेळा घोट. आधी पाय आत ओढायचे, मग हातानं आधार चाचपायचा, श्वास सोडायचा, उठायचं, आणि उठल्यावर पहिलं पाऊल टाकायच्या आधी क्षणभर थांबायचं. हा शेवटचा थांबा पोरी हमखास विसरतात. गरगरत तर नाही ना, हे पाहिल्याशिवाय म्हातारं माणूस पाऊल उचलत नाही. कोणी हाक मारली तर नुसते डोळे वळवू नकोस. मान आणि खांदे बरोबर वळू देत.

आवाज स्वतःचाच ठेव, फक्त श्वास तोकडा कर. पाच-सहा शब्दांवर वाक्य तुटू दे, भले व्याकरणात तिथं विराम नसेल. मात्र वाक्याचा शेवट गिळू नकोस, मागच्या रांगेपर्यंत तोच पोहोचायचा असतो.

हे सगळं सोपं वाटतं आणि प्रत्यक्षात दमवतं. रोहिणीताईंना ते जमलं कारण अंग आधी तयार झालं होतं. पुण्याची मुलगी, माहेरची ओक. १९७१ ते ७४ दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली. तिथून सर्वोत्कृष्ट अभिनेत्री आणि सर्वांगीण विद्यार्थिनी असे दोन्ही मान घेऊन निघाल्या. जपानी काबुकी आणि कर्नाटकातलं यक्षगान, हे दोन्ही नाट्यप्रकार परंपरेनं पुरुषांचे. त्यांनी दोन्हींत काम केलं, यक्षगान तर कन्नड लेखक शिवराम कारंतांकडे. वर कथकळी अनेक वर्षं. कथकळीत नुसत्या डोळ्यांचे वेगळे व्यायाम असतात, भुवई आणि गालाचा स्नायू सुटा हलवायला शिकवतात, आणि गुडघे वाकवून अर्धं बसून तासन् तास काम करावं लागतं. ज्याला एकेक स्नायू हलवता येतो त्याला तो न हलवताही येतं. कॅमेऱ्यासमोर हे दुसरं जास्त लागतं.

दिल्लीचा विचार तुझ्या मनात आहे हे ठाऊक आहे. तिथे अर्ज करायला पदवी लागते आणि किमान सहा नाटकांचा अनुभव मागतात. निवडीला आधी चाचणी, मग पुढच्यांसाठी दिल्लीत काही दिवसांचं शिबिर. तेव्हा प्रत्येक प्रयोगाचं पत्रक आणि प्रमाणपत्र एका फाईलमध्ये लावत जा. ही म्हातारीही त्या सहांत मोजली जाईल.

आता रंगभूषा. इथे माझा हात चालतो, म्हणून जरा सविस्तर.

पहिलं म्हणजे, आजपासून भुवया कोरणं बंद. पांढरे केस लावले, सुरकुत्या काढल्या आणि मध्ये धनुष्यासारख्या भुवया, की सगळं मुसळ केरात. महिनाभरात त्या पुरेशा वाढतील. नखांचा रंगही काढ.

सुरकुत्या काळ्या पेन्सिलीनं काढू नकोस. लांबून त्या मिशा वाटतात, जवळून जाळी. गडद तपकिरी पेन्सिल घे. आरशासमोर कपाळाला आठ्या घाल, मग हस, मग ओठ आवळ, आणि जिथे चामडी खरंच मुडपते तिथेच रेघ ओढ. कपाळावर तीनपेक्षा जास्त नकोत. रेघेची एक कड बोटानं पुसून विरव, दुसरी तशीच राहू दे, आणि लगेच वर त्वचेपेक्षा दोन छटा उजळ रंगाचा बारीक पट्टा दे. खोली त्या उजळ पट्ट्यामुळे दिसते, काळ्या रेघेमुळे नाही. गालफडांखाली आणि कानशिलांवर तपकिरी रंग नुसता झटक. लिपस्टिक अजिबात नको. उलट ओठांवर चेहऱ्याचाच रंग चढव, ओठ आपोआप पातळ दिसतात.

केसांना टाल्कम पावडर लावशील तर मुलाला मिठी मारण्याच्या प्रसंगात त्याचा काळा सदरा पांढरा होईल आणि नको तिथे हशा पिकेल. पांढरा रंग जुन्या टूथब्रशला अगदी थोडा घेऊन कानशिलावरून मागे ओढ. सगळे केस पांढरे करू नकोस; कानशिलं, भांग आणि मानेवरची कड. काढताना आधी खोबरेल तेल, मग शिकेकाई.

आणि हात! चेहरा पासष्टचा, हात विशीतले, असं दर दुसऱ्या नाटकात दिसतं. मान, गळा आणि हाताची पाठ यांना चेहऱ्याचाच रंग दे, शिरांच्या मधल्या खोलगट जागी तपकिरी. पाण्याचा पेला पुढे करशील तेव्हा सगळं सभागृह तुझा हातच बघणार आहे.

हे सगळं सभागृहासाठी. आपल्या मंडपात हॅलोजनच्या उजेडात आणि हजारो माणसांपुढे रेघा याच्या दुप्पट लागतात. कॅमेऱ्यासमोर यातली एकही चालत नाही. तुमच्या एकांकिकेचं कोणी जवळून चित्रीकरण केलं तर तो व्हिडिओ बघून स्वतःला नावं ठेवत बसू नकोस.

पुढे मालिकेत जायचं म्हणतेस, तर तेही ऐक. रोहिणीताईंचं ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चाललं, भाग तीन हजारांवर. एवढी वर्षं एकच बाई रोज जिवंत ठेवायची, ही वेगळीच मेहनत आहे. बारा तासांची पाळी, वाक्यं बऱ्याचदा त्याच सकाळी हातात येतात, आणि बावीसेक मिनिटांच्या भागाची बहुतेक मिनिटं त्याच दिवशी उरकायची. एकच प्रसंग आधी लांबून घेतात, मग तोच जवळून. लांबून घेताना तू ‘पोरा’ शब्दावर पेला ठेवला असशील तर जवळून घेतानाही त्याच शब्दावर ठेवायचा, नाहीतर दोन्ही तुकडे जुळत नाहीत आणि पुन्हा सगळं. पदर कोणत्या खांद्यावर, मंगळसूत्र पदराच्या आत की बाहेर, हे स्वतः लक्षात ठेवायचं. बांगड्या माइकमध्ये खणखणतात. आतून सुती दोऱ्यानं एकत्र बांध. पैसे बहुधा ९० दिवसांनी येतात. मुंबईचं भाडं मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावं लागतं.

तोटाही सांगायला हवा, नाहीतर म्हणशील बाबांनी आधी बोललं नाही. तरुणपणी म्हातारी चांगली केली की हिंदी सिनेमा तुला आईच करून ठेवतो. ‘अग्निपथ’मध्ये १९९० साली रोहिणीताई अमिताभ बच्चनची आई झाल्या, वयानं त्याच्याहून लहान असताना. पुरस्कार मिळाला, शिक्काही घट्ट झाला. त्याआधीच्या वर्षी ‘चालबाज’मध्ये त्यांनी दुष्ट काकू केली होती, पण तशी कामं मोजकीच. स्वतःसाठी त्यांनी नाटक सोडलं नाही, ‘अपराजिता’सारखा एकपात्री प्रयोग केला. माझं मत विचारशील तर तू पुढचं नाटक मुद्दाम तरुण किंवा आचरट बाईचं घे. लागोपाठ दोन आया करू नकोस.

‘सारांश’ बघ, पण आवाज बंद करून. पार्वतीला वाटत असतं की मेलेला मुलगा पुन्हा या घरात जन्माला येणार. नवऱ्याचा त्रागा उघड आहे, हिची आशा बंद ओठांआड आहे. ती हातानं काय करते, कधी बसते, कोणाकडे बघत नाही, ते वहीत लिही. नक्कल करू नकोस, वही झाली की मिटून ठेव. आणि एखाद्या रविवारी सेवाग्रामला जाऊन ये, नागपूरहून पाऊणशे किलोमीटर. बापूकुटीजवळच बाकुटी आहे. मातीच्या भिंती, बसकं छप्पर. तिथे थोडा वेळ खाली बसून बघ. खुर्ची-सोफ्यावर वाढलेलं अंग आणि जमिनीवर म्हातारं झालेलं अंग यातला फरक तिथे बसलं की कळतो.

ब्रह्मपुरीहून शनिवारच्या सकाळच्या एसटीनं पिशवी पाठवतो. त्यात तपकिरी पेन्सिली दोन, पांढऱ्या रंगाची डबी, पाच किलो नवा तांदूळ आणि आजीचं नऊवारी लुगडं आहे. पोत मऊ आहे, काठ विरलेत, दोन ठिकाणी रफू आहे. वाटलं तर पाण्यातून काढ, पण इस्त्री फिरवू नकोस.

तुझे
बाबा