पाडव्याच्या रात्री आमच्या गोठ्यात धावून आलेल्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी दिवाळी पाडव्याच्या रात्री आपण आमच्या हरणी म्हशीचा जीव वाचवलात, त्याचे आभार मानणारे हे पत्र वर्षभराने लिहीत आहे. उपचारांबद्दलचे धन्यवाद तेव्हाच तोंडी देऊन झाले होते. परंतु त्या निमित्ताने आमच्या घरच्या रिवाजाला आपण जे वळण लावून दिलेत ते टिकते की नाही, हे यंदाचा पाडवा पार पडल्याखेरीज कळणार नव्हते. ते टिकले आहे. पत्र जाहीरपणे लिहितो आहे, कारण पाडव्याला किंवा बेंदराला जनावरांना गोडधोड भरवणारी घरे आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत आणि आमच्या गोठ्यात जे घडले ते त्यांच्याही गोठ्यात घडू शकते.

आपले सासर आमच्या शेजारी असले तरी माहेर कोकणातले आणि नोकरीही तिकडचीच, त्यामुळे भर शहरात, शनिवार पेठेतल्या घराच्या परड्यात म्हैस बांधलेली पाहून आपल्याला नवल वाटले होते. कोल्हापूरकरांना त्याचे काही वाटत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले, पेठापेठांतल्या तालमी गजबजल्या आणि पैलवानांच्या खुराकासाठी धारोष्ण दूध ही या शहराची रोजची गरज होऊन बसली; गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धार काढतात आणि फेसाळ पेला गिऱ्हाइकाच्या हातात देतात, तो त्याच काळाचा वारसा. आमच्या आजोबांनी दुधाच्याच धंद्यावर घर उभे केले. आज आमच्यापैकी कोणाचेही पोट त्यावर नाही, तरी खांद्यापलीकडे गेलेल्या लांब शिंगांची एक पंढरपुरी म्हैस दावणीला असलीच पाहिजे, हा आमच्या थोरल्या आत्तींचा हट्ट आहे आणि तो मोडण्याची छाती घरात कोणाला नाही.

पाडव्याचा दिवस त्या म्हशीचा. आदल्या दिवशी तिला भादरून पाठीवरच्या केसांत नक्षी काढायची, पहाटे पंचगंगेच्या घाटावर नेऊन धुवायची, शिंगे रंगवायची, कपाळाशी मोरपिसांचा तुरा, गळ्यात कवड्यांची माळ, पायांत चाळ. शहरात इतरत्र, सागरमाळावर आणि कसबा बावड्यात, मालकाच्या मोटारसायकलमागे म्हशी पळवतात. सायलेन्सर काढून कानठळ्या बसवण्याचा तो प्रकार मला स्वतःला कधीच रुचलेला नाही. पण तेवढ्या गर्दीतून एका हाकेसरशी आपल्याच माणसाकडे धावत येणारी म्हैस बघण्यासारखी असते, हे मान्य करावे लागते. आमची हरणी पळवायला जात नाही. आमचा रिवाज घरातल्या घरात : औक्षण झाले की घराण्यातल्या प्रत्येक घराने आपला नैवेद्य आपल्या हाताने तिला भरवायचा. आजोबांच्या वेळी घर एक होते आणि ताटही एकच होते. पुढे घरे राजारामपुरीपासून इचलकरंजी, सांगली आणि पुण्यापर्यंत पसरली आणि प्रत्येक घराचे ताट वेगळे झाले. त्यात पुरणपोळ्या, गुळाचा भात, करंज्या, बेसनाचे लाडू. कोणाच्या सुनेची पहिली दिवाळी, कोणाच्या बाळाचा पहिला पाडवा, त्यामुळे एकाही ताटाला नको म्हणण्याची सोय नाही. ताटे वर्षागणिक वाढत गेली आणि म्हैस एकच राहिली.

त्या रात्री धाकटा भाऊ आंबोण घेऊन गेला तेव्हा हरणी गव्हाणीकडे पाठ करून उभी होती. रवंथ बंद होती, ती दात करकर वाजवत होती, डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागची कुशीची खोलगट जागा, फुगून वर आली होती आणि शेण पातळ, आंबूस वासाचे पडले होते. गल्लीतले जाणते जमले, पोटफुगी म्हणून गोडेतेल पाजायचे ठरले, एकाने तिची मान वर धरली, दुसऱ्याने जीभ ओढून बाहेर काढली आणि तिसरा बाटली तिच्या तोंडाशी नेत होता, इतक्यात परड्याच्या दारातून आपला आवाज आला : "आधी जीभ सोडा!" नवऱ्याला ओवाळून तशाच उठून आलेल्या, अंगावर नवे लुगडे असलेल्या शेजारच्या सूनबाईंनी चार बाप्यांना असे दरडावावे, याचा काहींना रागही आला. जीभ ओढून धरली की जनावराला गिळता येत नाही, मान वर असली की तेल सरळ श्वासनलिकेत उतरते आणि पोटाच्या दुखण्यातून वाचलेली म्हैस फुप्फुसाच्या दुखण्याने जाते, हे आपण शांतपणे सांगितलेत तेव्हा बाटली खाली ठेवली गेली.

मग आपण पदर खोचून मूठ तिच्या डाव्या भकाळीत रोवलीत आणि घड्याळाकडे पाहत उभ्या राहिलात. निरोगी जनावराचे कोटीपोट, म्हणजे वैरण साठून आंबते तो पोटाचा मोठा कप्पा, दोन मिनिटांत दोन-तीन वेळा तरी हलते; आपण बराच वेळ उभ्या होतात आणि मुठीखाली काहीच हलले नाही. गाडीतल्या पेटीतून नळी आणवून पोटात घातलीत, तेव्हा आंबलेल्या वासाचा वायू आणि पातळ पाणी बाहेर आले, त्यात कागदाची पट्टी बुडवून आपण ती बॅटरीच्या उजेडात सर्वांना दाखवलीत. साडेसहाच्या आसपास असायला हवा तो पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, साडेपाचाच्याही खाली उतरला होता; आकडा जितका कमी तितके पोट आंबट. वैरणीवर पोसलेल्या पोटात एकदम एवढा गूळ, पुरण आणि भात गेला की तिथले जिवाणू त्याचे लॅक्टिक आम्ल करतात, दुधाला विरजण लागावे तसे सारे पोट आंबून जाते, वैरण पचवणारे उपयोगी जिवाणू मरतात आणि अंगातले पाणी पोटाकडे ओढले जाऊन जनावर आतून कोरडे पडते. दुधाच्या धंद्यात हयात गेलेल्या आमच्या घराला ही गोष्ट इतक्या सोप्या शब्दांत त्याआधी कोणी सांगितली नव्हती.

उपचारांचा सगळा तपशील इथे देत नाही, कारण मात्रा जनावर तपासूनच ठरते, असे आपण बजावले आहे. खाण्याचा सोडा मात्र लिहायलाच हवा. वजनाच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम, असा हिशोब सांगून आपण सोडा मागितलात. दुकाने बंद झाली होती, तेव्हा फराळासाठी आणलेल्या पुड्या गल्लीतल्या घराघरांतून गोळा झाल्या आणि त्या पाण्यात कालवून नळीवाटे पोटात गेल्या. सलाईनची बाटली टांगायला जागा सापडेना, म्हणून गोठ्याच्या दाराशी लावलेला आकाशकंदील उतरवून त्याच आकड्याला ती अडकवली. उजाडेपर्यंत आपण तिथेच होतात. पहाटे तिने कडब्याचे एक चिपाड उचलले, बऱ्याच वेळाने जबडा आडवा फिरू लागला, आणि आपण मूठ पुन्हा भकाळीत रोवून पाहिलीत आणि पहिल्यांदाच चहा मागितलात.

एवढे कोणताही चांगला पशुवैद्य करील, असे आपण म्हणालात. मला ते पूर्ण पटत नाही, पण वाद घालत नाही, कारण मला आभार मानायचे आहेत ते मुख्यतः भाऊबीजेच्या दुपारचे. घरात तोवर दोन तट पडले होते. पुण्याकडच्या मंडळींचे म्हणणे, ही प्रथा आजपासून बंद. थोरल्या आत्तींनी जेवण घेतले नव्हते आणि त्या एकच वाक्य बोलत होत्या : "निवद न्हाई दाखवला तर सण कसला?" आपण हरणीला पाहायला आलात, ते भांडण ऐकलेत, आणि कोणाचीही बाजू न घेता आत्तींजवळ बसून विचारलेत की, त्यांच्या वडिलांच्या वेळी ताटात काय असायचे. आम्ही इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कधी विचारला नव्हता. आत्ती आठवून आठवून सांगू लागल्या. रेशनच्या काळात गहू कुठला मिळायला. ज्वारीची अर्धी भाकरी, वर गुळाचा खडा, आणि उसाच्या वाड्याची, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्याची, एक हिरवीगार पेंढी, जी आजोबा कारभारणीच्या हातून म्हशीपुढे टाकायला लावत. सांगता सांगता त्या स्वतःच थांबल्या आणि म्हणाल्या, "पोळीचं खूळ मागनं आलंय बघ."

आपण त्यावर जिंकल्यासारखे काहीही बोलला नाहीत. भाकरी-गुळाचा एकच नैवेद्य, त्या ताटाला प्रत्येक घराचा हात लागेल, आणि भरवायची हौस ज्याने त्याने आपापल्या घरच्या वैरणीच्या पेंढीने भागवावी, एवढे आपण सुचवलेत, आणि तेही आत्तींच्याच तोंडून वदवून घेतलेत. तज्ज्ञ माणूस बरोबर असतो तेव्हा समोरच्या वडीलधाऱ्यांना खाली पाहायला लावण्याचा मोह त्याला क्वचितच आवरतो, हे मी नोकरीत रोज पाहतो. म्हणून या गोष्टीचे मोल मला उपचारांपेक्षा तसूभर अधिक वाटते.

यंदा पाडव्याला परड्यात ताट एकच होते. इचलकरंजीकरांनी कडवळ आणले, सांगलीकरांनी वाड्याची पेंढी रिबन बांधून आणली, आणि पुण्याच्या काकांनी, पुण्यात वैरण कुठे मिळते हे विचारण्यासाठी आदल्या आठवड्यात जितके फोन केले तितके ते एरवी वर्षभरात करत नाहीत. शेवटी त्यांनी ती इथेच विकत घेतली. त्याच काकांना खिशातून करंजी काढताना आत्तींनी पकडले आणि सर्वांदेखत ती त्यांनाच खायला लावली. हरणी संध्याकाळी नेहमीसारखी बसून रवंथ करत होती.

आपण सांगितलेल्या आणखी दोन गोष्टी आम्ही पाळल्या. औषधांचा अंश उतरेपर्यंतचे दूध घरात वापरले नाही आणि शेजारच्या रतिबालाही घातले नाही; त्यामुळे गेल्या वर्षी भाऊबीजेची बासुंदी विकतच्या दुधाची झाली आणि तिला कोणी नावे ठेवली नाहीत. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा क्रमांक गोठ्याच्या दारावर रंगाने लिहून ठेवला आहे.

आपण फी घेतली नाहीत आणि घेणारही नाही, हे आता आम्हाला ठाऊक आहे. आपल्या सासूबाईंकडे रोज सकाळी तांब्याभर दूध पोहोचते, त्याचे पैसे त्या महिन्याच्या शेवटी नेमाने देऊ करतात. कृपा करून आपणच त्यांना समजवावे, आमचे त्या ऐकत नाहीत. पुढच्या पाडव्याला रजा मिळाली तर सकाळीच यावे. आपल्या घरचीही एक पेंढी पाहिजे, असा आत्तींचा निरोप आहे, आणि वैरण आम्ही इथे आणून ठेवू.

आपले नम्र,
हरणीच्या घरची सर्व मंडळी,
शनिवार पेठ, कोल्हापूर