‘रात्री डोक्याला लावणे’ एवढे पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टाळूवर, म्हणजे डोक्याच्या त्वचेवर, होणाऱ्या सोरायसिस या त्वचारोगाबद्दल वृत्तपत्रांत अधूनमधून लिहून येते. ताण, आहार, हवामान यांची चर्चा होते आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही हे बजावले जाते. ते योग्यच आहे, पण औषधाची बाटली हातात घेऊन आरशासमोर उभ्या असलेल्या रुग्णाला त्यातून फारसे काही मिळत नाही. त्याच्या चिठ्ठीवर ‘रात्री डोक्याला लावणे’ एवढीच ओळ असते. नेमके कुठे, कसे, किती आणि कधीपर्यंत, हे त्याचे त्याने ठरवायचे. औषधाचा गुण येत नाही यामागे पुष्कळदा पहिल्या तीन प्रश्नांची चुकलेली उत्तरे असतात आणि औषधाने अपाय होतो तेव्हा चौथ्याचे.

त्याआधी निदानाबद्दल थोडे. कोंड्याच्या खपल्या पातळ, तेलकट, पिवळसर असतात. सोरायसिसच्या खपल्या जाड, कोरड्या आणि चंदेरी असतात. खालचा चट्टा लालसर, सावळ्या त्वचेवर जांभळट दिसतो, त्याची कड स्पष्ट असते आणि तो अनेकदा केसांची रेषा ओलांडून कपाळावर, कानांमागे किंवा मानेवर उतरतो. दोन्हींची सरमिसळही होते. लहान मुलाच्या डोक्यात खपल्यांबरोबर केस तुटून विरळ जागा पडली असेल, तर ती बुरशी असण्याची शक्यता आधी तपासावी लागते. बुरशीवर स्टेरॉइड, म्हणजे दाह दाबणारे औषध, लावले की लाली तात्पुरती ओसरते आणि बुरशी मात्र पसरत राहते. दुसऱ्याला गुण आला म्हणून तीच बाटली आणण्यात हा धोका आहे.

आता लावण्याकडे वळू. खपलीचा थर जाड असेल, तर त्यावर ओतलेले महागातले महाग औषधही वरच अडते. म्हणून आधी खपली मऊ करायची. साधे, सुगंधरहित तेल किंवा डॉक्टरांनी दिलेले 3 ते 6 टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिडचे मलम चट्ट्यांवर लावून काही तास किंवा सांगितले असल्यास रात्रभर ठेवायचे, मग शाम्पूने धुवायचे. केस ओलसर असताना बारीक दातांचा कंगवा टाळूला जवळजवळ समांतर धरून हलकेच गोल फिरवला की सुटलेली खपली वर येते. जी येत नाही ती सोडून द्यायची. नखाने उचकटले तर रक्त येते, केस मुळातून ओढले जातात आणि इजा झालेल्या जागी नवा चट्टा उठू शकतो. सोरायसिसची ती खोडच आहे, वैद्यकात तिला केब्नर प्रतिक्रिया म्हणतात. या आजारात गळालेले केस बहुधा परत येतात, पण रोजच्या ओरबाडण्याने त्यांना तशी उसंत मिळत नाही.

खपली निघाल्यावर टाळू कोरडी होऊ द्यायची. तेलाचा थर शिल्लक असताना लोशन लावले तर ते तेलातच राहते. मग चट्ट्यावर भांग पाडायचा, बाटलीचे तोंड त्वचेच्या अगदी जवळ नेऊन भांगाच्या रेषेवर थेंब सोडायचे, बोटाच्या टोकाने हलके पसरवायचे आणि सुमारे दोन सेंटिमीटर अंतरावर पुढचा भांग पाडायचा. मागच्या बाजूसाठी दुसऱ्या कुणाची मदत घ्यावी. अंदाजाने लावलेले औषध बहुतांशी केसांवर जाते. केस ओले दिसले म्हणजे औषध लागले, असे मुळीच नाही. शेवटी हात साबणाने धुवायचे. कॅल्सिपोट्रिऑलसारखे (ड जीवनसत्त्वाच्या जातकुळीचे) औषध बोटांवरून चेहऱ्यावर गेले तर चांगलीच आग होते.

औषधाचा प्रकारही पाहावा, कारण एकाची रीत दुसऱ्याला लावली की घोटाळा होतो. क्लोबेटासॉल या स्टेरॉइडचा शाम्पू नावाने शाम्पू असला तरी ओल्या केसांना चोळून लगेच धुवायचा नसतो. तो कोरड्या टाळूवर लावून 15 मिनिटे ठेवायचा, डोके झाकायचे नाही, आणि मग पाण्याने फेस करून धुवायचा. फ्लुओसिनोलोन या स्टेरॉइडच्या तेलाचे याच्या उलट: टाळू ओली करून पातळ थर लावायचा आणि वर प्लॅस्टिकची टोपी घालून रात्रभर, निदान चार तास ठेवायचा. त्या तेलाच्या काही उत्पादनांत शुद्ध केलेले शेंगदाणा तेल असते. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधीच सांगावे. टोपीने झाकल्यावर औषध त्वचेत जास्त मुरते, म्हणून ज्या औषधाच्या पत्रकात टोपी सांगितलेली नाही तिथे ती स्वतःहून घालू नये.

कॅल्सिपोट्रिऑल आणि बीटामेथासोन हे स्टेरॉइड यांचे एकत्र जेल तेलकट असते आणि ‘डोके चिकट होते’ म्हणून लोक ते मध्येच सोडतात. ते धुण्याची एक युक्ती आहे. आधी पाणी घालायचे नाही. कोरड्या केसांवरच शाम्पू चोळायचा, एकदोन मिनिटे ठेवायचा आणि मग पाणी घ्यायचे. पाणी आधी पडले की शाम्पूला तेलाची पकड मिळत नाही. हे जेल रात्री लावून सकाळी धुणे सोयीचे. लावल्यावर लगेच डोके धुतले तर त्या दिवसाचे औषध वाया जाते. फेसाच्या रूपातले औषध तळहातावर घेतले की हाताच्या उबेने वितळून जाते, ते थंड बशीत घेऊन बोटाने उचलावे.

स्पिरिट असलेली लोशने केसांत हलकी वाटतात, पण भेगा पडलेल्या त्वचेवर झोंबतात. भेगा असतील तोवर तेलकट किंवा मलमाच्या रूपातले औषध मागून घ्यावे; झोंबते म्हणून उपचारच बंद करण्यापेक्षा ते बरे. स्पिरिटचे लोशन आणि फेस दोन्ही पेट घेऊ शकतात. डोके ओले असताना शेगडी, दिवा, सिगारेट जवळ नको आणि हेअर ड्रायरही नको. तेलकट मलमे मुरलेले अभ्रे आणि टॉवेलसुद्धा ठिणगीने लवकर पेटतात, हे सहसा कुणी सांगत नाही.

प्रमाणाबाबत टक्केवारी फसवी आहे. 0.05 टक्के क्लोबेटासॉल हे अतितीव्र गटातले स्टेरॉइड आहे आणि 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन सर्वांत सौम्य गटातले. आकडा लहान म्हणून औषध सौम्य, असे समजून चेहऱ्यावर लावणारे लोक आहेत. प्रौढांसाठी क्लोबेटासॉलची आठवड्याची कमाल मर्यादा 50 ग्रॅम किंवा 50 मिलिलिटर, आणि सलग वापर साधारण दोन आठवडे. 15 मिनिटांच्या शाम्पूसाठी कमाल चार आठवडे. एकत्र जेल टाळूला दिवसातून एकदा, चट्ट्यांच्या व्याप्तीनुसार 1 ते 4 ग्रॅम, आणि पहिला टप्पा साधारण चार आठवड्यांचा. चार ग्रॅम म्हणजे सुमारे एक चमचा. दोन वेगवेगळ्या नावांच्या बाटल्यांत एकच स्टेरॉइड असू शकते, तेव्हा बेरीज दोन्हींची धरायची.

थांबण्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तीव्र स्टेरॉइडने पहिल्या आठवडाभरात खाज कमी होते आणि दोन आठवड्यांत टाळू स्वच्छ दिसू लागते. इथून दोन चुका संभवतात. काही जण त्या दिवशी बाटली बंद करतात आणि चट्टे परतले की औषधाला दोष देतात. काही जण मात्र चट्टा नसतानाही रोज लावत राहतात. महिनोन्महिने तसे केले तर त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात, आणि औषध पुरेसे शरीरात गेले तर मूत्रपिंडांवरच्या, संप्रेरके तयार करणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींचे काम दबू शकते. टाळूची त्वचा बरीच सोसते. कपाळ, कानांमागची जागा आणि पापण्या सोसत नाहीत, आणि ओघळ नेमका तिथेच येतो. डोळ्यांत वारंवार उतरलेल्या स्टेरॉइडने काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका वाढतो. रोजच्या वापरानंतर एक दिवसाआड आणि मग आठवड्यातून दोनच दिवस, असे डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे उतरत यायचे असते. मधल्या दिवसांत स्टेरॉइड नसलेले औषध देता येते. कॅल्सिपोट्रिऑल हे त्यातले एक. त्याचा परिणाम सावकाश, कधी आठ आठवड्यांनी दिसतो, म्हणून पंधरा दिवसांत त्याला नापास करू नये.

कॅल्सिपोट्रिऑल आणि सॅलिसिलिक अ‍ॅसिड मात्र एकावर एक लावू नयेत. आम्लामुळे कॅल्सिपोट्रिऑल निकामी होते. खपली काढण्याचे मलम पूर्ण धुऊन टाकल्यावरच दुसऱ्याची पाळी. डांबराच्या, म्हणजे कोल टारच्या शाम्पूला वास येतो, पांढऱ्या केसांवर आणि कपड्यांवर डाग पडतात आणि त्वचा उन्हाला हळवी होते. तो रात्री वापरणे शहाणपणाचे.

लहान मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांनी यातले कोणतेही औषध परस्पर वापरू नये. मुलांच्या त्वचेतून सॅलिसिलिक अ‍ॅसिड आणि स्टेरॉइड दोन्ही तुलनेने जास्त शोषले जातात, तर टॅझारोटीन हे अ जीवनसत्त्वाच्या जातकुळीचे, त्वचेला लावायचे औषध गर्भारपणात वर्ज्यच आहे. मानसिक आजारासाठी लिथियम किंवा रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर सुरू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे, कारण त्यांनी सोरायसिस वाढू शकतो. ती औषधे स्वतःहून बंद मात्र करू नयेत. चट्ट्यातून पू येणे, अंगभर लाली पसरणे, तापासह पुळ्या उठणे यांत वाट पाहू नये. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त राहणारी सांध्यांची ताठरता, टाचेचे दुखणे किंवा एखादे बोट अख्खे सुजणे ही सोरायसिसच्या संधिवाताची खूण असू शकते. टाळूवर सोरायसिस असणाऱ्यांत त्याची शक्यता अधिक असते आणि डोक्याला लावायच्या औषधाने तो आटोक्यात येत नाही.

डॉक्टर आणि औषधविक्रेते यांच्याकडे एक मागणी आहे. बाटलीवर चिकटवायच्या चिठ्ठीवर ‘रात्री लावणे’च्या जागी एवढे लिहावे: कोरड्या टाळूवर की ओल्या, किती वेळाने धुवायचे, कोणत्या तारखेपर्यंत रोज आणि त्यानंतर आठवड्यातून किती वेळा. ‘कोणत्या तारखेपर्यंत’ ही जागा रिकामी असेल, तर रुग्णाने काउंटर सोडण्याआधी ती भरून घ्यावी.

आपला,
एक फार्मासिस्ट