आमच्या पियानोचा रंग ठरवून देणाऱ्या पॉलिशवाल्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

पियानो नौपाड्यातल्या घरी परत येऊन महिना झाला. मजुरी देताना दारात उभ्याने मानलेले आभार मला पुरेसे वाटले नाहीत, म्हणून हे पत्र लिहीत आहे. जुन्या वाद्याला रंग देऊ पाहणाऱ्या इतरांनाही ते वाचता यावे, म्हणून उघड लिहीत आहे.

आपण प्रथम आलात तेव्हा मी सारे ठरवून बसले होते. माझ्या सासऱ्यांचा हा उभा पियानो दोन पावसाळे ओल आलेल्या भिंतीला टेकून राहिल्याने एका बाजूचे व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, फुगून सुटले होते, आणि नव्या भिंतींना शोभेल असा चकचकीत पांढरा रंग त्याला द्यावा, हे मी घरच्यांना पटवले होते. घरातच दोन दिवसांत स्प्रे मारून देणारा एक कारागीरही तयार होता. आपण मात्र रंगाचा विषय न काढता झाकणाच्या आतल्या कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा फिरवलात. पॉलिश विरघळून बोळा तपकिरी झाला, तेव्हा हे चपड्याचे, म्हणजे लाखेचे, जुने फ्रेंच पॉलिश आहे आणि ते, त्यावर वर्षानुवर्षे चढलेल्या मेणासकट, पूर्ण काढल्याशिवाय वरचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा रंग, धरणार नाही, त्याचे पापुद्रे निघतील, हे आपण समजावून सांगितलेत. फुगलेल्या बाजूचे लाकूड दाखवण्याजोगे राहिले नसल्याने रंग द्यावा लागणार, हे आपणही मान्य केलेत.

मग आपण एक कोरा पांढरा कागद पियानो वाजवायच्या पट्ट्यांशेजारी धरलात. तोवर मला सुंदर वाटणाऱ्या त्या जुन्या, पिवळसर पट्ट्या त्या कागदाजवळ एकदम मळकट दिसू लागल्या. पांढऱ्या रंगाचा माझा हट्ट त्या क्षणी सुटला.

पुढच्या आठवड्यात आपण प्लायच्या तीन फळ्या रंगवून आणल्यात: चकचकीत काळी, सॅटिन म्हणजे मंद चकाकीची काळी आणि गडद हिरवी, तीही सॅटिन. त्या पियानोलाच टेकवून ठेवा, सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर पाहा, असे आपण सांगितलेत. चकचकीत फळीत ट्यूबलाइट जशीच्या तशी उमटे, आणि अशा पृष्ठभागावर फुगलेल्या बाजूला पुट्टी भरून घासल्यावर राहिलेली प्रत्येक लाट दिसेल, हे आपले म्हणणे पटले. सर्वांत मोलाची सूचना आपण माझ्या मुलीला स्वरलिपीसमोर बसवून दिलीत: कागद ठेवायची फळी चकचकीत केली, तर दिव्याची तिरीप वाजवणाऱ्याच्या डोळ्यांत जाईल. वाद्याचा रंग ते वाजवणाऱ्याच्या जागेवरूनही पाहायचा असतो, हे मला तोवर सुचले नव्हते. हिरवा दिवसा हिरवा दिसतो आणि रात्री पिवळ्या दिव्याखाली जवळजवळ काळा होतो. तोच आम्ही घेतला.

तेव्हा जुलै होता. ठाण्याच्या दमट हवेत स्प्रे मारला, तर थिनर उडताना पृष्ठभाग थंड होऊन हवेतले बाष्प त्यावर धरते आणि रंगाला पांढुरकी झाक येते, म्हणून काम दिवाळीनंतरच करीन, असे आपण ठाम सांगितलेत. हाती आलेले काम चार महिने पुढे ढकलणे आपल्याला किती जड गेले असेल, याचा विचार माझ्या मनात आजही येतो.

कुठे रंग लावायचा नाही, यावरही आपण तेवढेच काटेकोर राहिलात. मागचा ध्वनिफलक, म्हणजे तारांचा आवाज घुमवणारी लाकडी फळी, आपण झाकून घेतलात, पितळी बिजागऱ्या काढून ठेवल्यात आणि पट्ट्यांपुढच्या लाकडी पट्टीच्या आतल्या कडेला रंगाचा हात लागू दिला नाहीत, कारण तेथे रंगाची जाडी वाढली की पट्ट्या घासून अडकू लागतात. पट्ट्यांवरच्या झाकणाची आतली बाजू, जिच्यावर पियानो बनवणाऱ्याचे सोनेरी अक्षरांतले नाव आहे, ती न घासता केवळ हलक्या हाताने साफ करून तशीच ठेवलीत. सासरे रोज झाकण उघडून त्या अक्षरांवरून बोट फिरवतात.

हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारे द्रव्य, न घातलेला उरलेला रंग आपण बरणीत भरून, वर तारीख लिहून दिलात. ती बरणी आणि हिरवी फळी मी कपाटात जपून ठेवली आहे. येत्या रविवारी ट्यूनिंग होणार आहे. त्यानंतर एखाद्या संध्याकाळी आपण काकूंना घेऊन ऐकायला यावे, ही आग्रहाची विनंती.

आपली कृतज्ञ,
नौपाडा, ठाणे येथील पियानोवाल्या घरची सून