मॉस्कोचं मन कशावरून ओळखायचं

सोलापूर

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

अबखाझिया आणि दक्षिण ओसेतिया हे जॉर्जियाचे दोन फुटीर प्रदेश रशिया लवकरच आपल्यात सामील करून घेणार, असं तू वाचनालयातल्या व्याख्यानात ठामपणे सांगणार आहेस, म्हणून घाईने लिहितोय. तसं सांगू नकोस. मला तरी वाटतं, मॉस्कोला हे प्रदेश लोंबकळत ठेवण्यातच जास्त फायदा आहे.

अंदाज बांधताना नेत्यांची भाषणं बाजूला ठेव. ज्याला पैसा, माणसं आणि वेळ लागतो, तेवढंच बघ. रशिया आणि जॉर्जियातलं 2008 चं युद्ध त्याच क्रमाने जवळ आलं. 2002 पासून या प्रदेशांत रशियन पासपोर्टांचं सरसकट वाटप झालं, म्हणजे ‘आमच्या नागरिकांचं रक्षण’ हे कारण सहा वर्षं आधीच तयार होतं. फेब्रुवारी 2008 मध्ये कोसोवोने सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केलं, एप्रिलच्या सुरुवातीला बुखारेस्टला नाटोने जॉर्जियाला कधीतरी सदस्य करून घेण्याचं वचन दिलं, आणि त्याच महिन्याच्या 16 तारखेला पुतिन यांनी दोन्ही प्रदेशांशी थेट सरकारी संबंध जोडण्याचा आदेश काढला. 31 मे रोजी रशियाच्या रेल्वे तुकड्या अबखाझियात उतरल्या, राजधानी सुखुमी ते ओचामचिरे बंदर हा मोडका मार्ग दुरुस्त करायला. काम 30 जुलैला संपलं आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच रुळांवरून फौजेची ने-आण झाली. ज्यांनी मे महिन्यात ही बातमी ‘मानवतावादी मदत’ म्हणून वाचली, त्यांना ऑगस्टमध्ये धक्का बसला.

लष्करी सरावाचं मात्र जपून. कॉकेशसमध्ये, म्हणजे रशिया-जॉर्जियाच्या या डोंगरपट्ट्यात, ते होतच असतात. सराव संपल्यावर तुकड्या, इंधन आणि फिरती रुग्णालयं माघारी गेली का, हे विचारायचं. जुलै 2008 च्या सरावानंतर काही तुकड्या रोकी बोगद्याच्या उत्तरेलाच राहिल्या. साडेतीन किलोमीटरहून लांब असलेला हा बोगदा म्हणजे रशियातून दक्षिण ओसेतियात यायची एकमेव मोटारवाट. नकाशावर त्याच्याभोवती लाल वर्तुळ काढ, लोकांना निम्मं युद्ध तिथेच समजेल.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच हवी. युरोपियन महासंघाने नेमलेल्या चौकशी मंडळाने 2009 मध्ये नोंदवलं, की 7 ऑगस्टच्या रात्री दक्षिण ओसेतियाची राजधानी त्स्खिनवालीवर तोफा आधी जॉर्जियाने डागल्या आणि ते समर्थनीय नव्हतं; पण पासपोर्टवाटप बेकायदा होतं आणि रशियाचा प्रतिहल्ला स्वसंरक्षणाच्या फार पुढे गेला. हे गाळलंस तर जाणकार श्रोता तुला तिथेच पकडेल.

आता सामीलीकरण. युक्रेनमध्ये पासपोर्टांचा आदेश एप्रिल 2019 चा, डोनेत्स्क आणि लुहान्स्क या दोन ‘प्रजासत्ताकां’ना मान्यता 21 फेब्रुवारी 2022 ला, हल्ला 24 ला आणि सप्टेंबरअखेर सामीलीकरण. तू बहुधा हाच क्रम जॉर्जियाला लावतोयस. पण तिथे मान्यता 26 ऑगस्ट 2008 लाच दिली गेली आणि पुढची पायरी आलीच नाही. 2022 मध्ये दक्षिण ओसेतियाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी, बिबिलोव यांनी, 17 जुलैला सार्वमत ठेवलं होतं. त्यांच्यानंतर आलेल्या गाग्लोयेव यांनी 30 मे रोजी ते थांबवलं. सीमेचा वाद उघडा असलेल्या देशाला नाटोत घेणं अवघड, म्हणून वाद उघडा राहणं मॉस्कोच्या सोयीचं. प्रदेश गिळले, की तिबिलिसीला, म्हणजे जॉर्जियाच्या सरकारला, दाखवायला आमिषही उरत नाही.

दोन्ही प्रदेश एका मापाने मोजू नकोस. दक्षिण ओसेतिया साधारण 3,900 चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या जेमतेम चतुर्थांश. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, अंदाजपत्रक बहुतांश रशियन पैशावर, आणि रशियातल्या उत्तर ओसेतियाच्या भाऊबंदांशी एक होण्याची इच्छा जुनी. अबखाझियाला मात्र समुद्र आहे, जमीन आहे आणि ती हातची जाण्याची भीती आहे. 1989 च्या जनगणनेत अबखाझ लोक आपल्याच भूमीवर 18 टक्क्यांहून कमी होते. 1992-93 च्या युद्धात दोन लाखांहून अधिक जॉर्जियन तिथून हाकलले गेले, तेव्हा हे प्रमाण बदललं. त्यामुळे रशियन पैसेवाल्यांना मोकळीक देणारा गुंतवणूक करार आला, तेव्हा नोव्हेंबर 2024 मध्ये जमाव संसदेत घुसला आणि अध्यक्ष ब्झानिया यांना पायउतार व्हावं लागलं. त्याआधी सप्टेंबरपासूनच मॉस्कोने पगारांसाठीची मदत रोखली होती. म्हणजे नाडी आवळण्याचा प्रयोग मित्रावरही होतो.

विजेचंही एक उदाहरण दे. एन्गुरी धरणाची 271 मीटरची भिंत जॉर्जियाच्या ताब्यात, वीजगृह अबखाझियात, क्षमता 1,300 मेगावॉट. एकाला दुसऱ्यावाचून ते चालवता येत नाही. हिवाळ्यात पाणी उतरलं की अबखाझिया अंधारात जातो आणि रशियाकडे हात पसरतो.

दक्षिण ओसेतियाच्या बाजूला तारेचं कुंपण बघ. ते हळूहळू पुढे सरकतं, शेतं आणि घरं तोडत. जुलै 2015 मध्ये ओर्चोसानी गावाजवळ सीमेचे फलक पुढे रोवले गेले, तेव्हा बाकू-सुप्सा तेलवाहिनीचा एक तुकडा पलीकडे गेला आणि देशाचा मुख्य पूर्व-पश्चिम महामार्ग काहीशे मीटरवर उरला. रणगाडे न हलवता एवढं साधतं, मग सामीलीकरणाची घाई कशाला?

तेव्हा व्याख्यानात ‘होणारच’ म्हणण्याऐवजी श्रोत्यांना चार ठिकाणं दे: त्स्खिनवालीत सार्वमताची नवी तारीख, सुखुमीत जमीनविक्रीचा कायदा, ओचामचिरेच्या नौदल तळाचं काम, आणि रशियन मदतीचा हप्ता वेळेवर येतो की अडतो. नकाशा मोठा छापून आण, मागच्या रांगेतल्यांना रशिया-अबखाझिया सीमेवरची प्सोऊ नदी दिसायला हवी.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत